पोरानं बांधलेलं इंजिन

“हात बसलाय पोराचा,” कॉलेजचे सेक्रेटरी ओसरीतल्या खुर्चीत रेलून म्हणाले. “अन् पोरगी बी कामाची हाय. कशी धुऊन-पुसून देऊन राहिली बघा.”

पोरगी म्हणजे मी. काकांच्या ओसरीवर गोणपाट टाकून, मुठीएवढं इंजिन रॉकेलच्या ताटलीत धरून जुन्या टूथब्रशने घासत बसले होते. पोरगं म्हणजे काकांचा मुलगा, माझा चुलत दादा. तो सेक्रेटरींच्या शेजारी चिवडा खात होता. त्याने मान खाली घातली, पण कौतुक झाल्यावर विनयाने घालतात तशी. काका म्हणाले, “चहा घ्या साहेब, गार होऊन राहिला.”

इंजिन दादाने बांधलं नव्हतं. मी बांधलं होतं. हे आम्हा तिघांना माहीत होतं.

काका हवाई दलात मेकॅनिक होते. निवृत्त होऊन हिंगोलीला परतले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत मॉडेल विमानांची दोन जुनी इंजिनं होती, कुण्या अधिकाऱ्याने बदलीच्या वेळी देऊन टाकलेली. या इंजिनांच्या इंधनात एरंडेल लागतंच, आणि वर्षानुवर्षं पडून राहिलं की तेच एरंडेल डिंकासारखं होऊन पिस्टनला जखडून टाकतं. दादाने पहिलं इंजिन पकडीने फिरवायला घेतलं आणि त्याच्या पिस्टनचा दांडा वाकवून ठेवला. दुसरं मी मागून घेतलं. फुटाणे भाजतात तशी कढईत वाळू तापवली, इंजिन तिच्यात पुरलं आणि गरम असतानाच फडक्यात धरून पंख्याचा दांडा हळूहळू हलवला. पिस्टन सुटला.

ते इंजिन मुळात रेडिओच्या रिमोटवर चालणाऱ्या विमानाचं होतं. आम्ही त्याच्यासाठी बनवलेलं विमान दोन बारीक तारांवर उडायचं. उडवणारा मध्ये हँडल धरून उभा राहतो, विमान त्याच्याभोवती गोल फिरतं. मनगट हलवलं की वर चढतं, गिरकी घेतं, उलटं होतं. अशा कसरतींना रेडिओवाल्याचा कार्बोरेटर कामाचा नाही. तो काढून मी तिथे ॲल्युमिनियमची साधी नळी बसवली. लेथवाल्याने तिचं माप काकांना विचारलं, उत्तर मी दिलं, आणि त्याने काकांकडे बघून मान हलवली.

मग हेडखाली, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाखाली, तांब्याचे पातळ वॉशर घातले. त्याने कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, जरा उतरतं. सगळी गंमत त्या वॉशरांत होती. विमान सपाट उडत असताना इंजिन जाडसर गुरगुरत चालतं, नाक वर झालं की आवाज चढतो, जोर येतो, आणि नाक खाली आलं की पुन्हा गुरगुर. किती वॉशर हवेत ते कोणी सांगू शकत नाही. घालायचे, उडवायचं, ऐकायचं, उतरवून पुन्हा हेड खोलायचं. कळमनुरी रस्त्याला सोयाबीन निघालेल्या एका रानात सकाळच्या शांत हवेत मी हेच करत असे. गोल फिरलं की काकांना भोवळ यायची, म्हणून विमान धरून सोडायचं काम त्यांचं आणि हँडल माझ्या हातात. दादा अधूनमधून यायचा, चार फेऱ्या मारायचा, आणि तारा गुंडाळायची वेळ झाली की त्याला काहीतरी काम आठवायचं.

जिल्हा तेव्हा नवाच झाला होता आणि प्रत्येक कार्यक्रमाला काहीतरी नवं दाखवायची सगळ्यांना हौस होती. सेक्रेटरींना सव्वीस जानेवारीला कॉलेजच्या मैदानावर विमान हवं होतं. ते गेल्यावर काका माझ्याकडे न बघता म्हणाले, “मनाला लावून घेऊ नको, बाई. त्यांच्या लॅबमदी एक जागा निघून राहिली. तुह्या दादाचं बसलं तर बसलं. हँडल त्याला धरू दे, विमान तू धर. एवढ्या गर्दीत पोरीनं मधी उभं राहणं बरं दिसत न्हाई.”

म्हणजे रानात कोणी नसताना मी मध्ये उभी राहिलेली चालत होती.

मी नांदेडच्या इंग्लिश शाळेत होस्टेलवर राहून आले होते, चारचौघांत तोंड उघडायची मला भीती वाटायची, आणि घरात माझ्या न बोलण्याचा अर्थ शिष्टपणा असा लावला गेला होता. त्यात सोय सगळ्यांची होती. शिष्ट मुलीला कोणी काही विचारत नाही. मला राग दादाचा कमी आला होता. तो खोटं एक अक्षर बोलला नव्हता. ज्यांनी मला पिस्टन धरायला शिकवलं त्या काकांनी चहा पुढे केला, याचा आला होता. माझी सगळी मेहनत त्यांनी पोराच्या नोकरीसाठी परस्पर देऊन टाकली, आणि मला विचारायची गरजही त्यांना वाटली नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी मैदानावर चुन्याचं वर्तुळ आखलेलं होतं. रेघ तारांच्या लांबीला अगदी लागून होती आणि शाळेतली लेकरं त्या रेघेला गुडघे लावून बसवली होती. माइकवरून दादाचं कौतुक चाललं होतं. मी वाकून पंखा बोटाने फिरवला, तर तो ताडकन उलटा बोटावर बसला. एवढं कडक इंजिन कधीच नव्हतं.

“दादा, वॉशर?”

“काढले काल.” तो खूश होता. “मोपेडचं हेड घासलं की कशी पळते? तसं. जरा पावर दिसू दे लोकायला.”

“हे मोपेड न्हाई. वर गेल्यावर तापून दम सोडील.”

“तू धर, अन् हात वर केला की सोड. एवढंच काम हाय तुझं.”

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि याचा अर्थ त्यांना माझ्याहून जास्त कळत होता. ते म्हणाले, “होऊन जाऊ दे आता, बाई. लोक बसलेत.”

दादा मध्ये जाऊन उभा राहिला. काकांनी प्लगला बॅटरी लावली, पंख्याला झटका दिला. इंजिन पेटलं ते शिट्टीसारखं किंचाळतच. मी इंधनाची सुई थोडी थोडी खोलत गेले, इंधन वाढवत गेले. गुरगुर आली नाही. विमान माझ्या हातात थरथरत होतं. गिरकीच्या टोकाला इंजिन दमलं की तारा ढिल्या पडतात, आणि तारा ढिल्या पडल्यावर विमान कोणाचंच ऐकत नाही.

दादाने हात वर केला. मी सोडलं नाही. त्याने पुन्हा केला.

“सोडा ताई, सोडा!” माइकवाला ओरडला. मागून कोणीतरी म्हणालं, “भ्याली वाटतं,” आणि हशा पिकला.

मी इंधनाची नळी चिमटीत दाबली. आवाज एकदम चढला आणि तुटला.

सेक्रेटरी खुर्चीतून उठले. “काय झालं? पोरगी काहून अडवून राहिली?” हे त्यांनी दादाला विचारलं. दादाने काकांकडे पाहिलं. काका पुढे होऊन म्हणाले, “काही न्हाई साहेब, पोरगी जरा घाबरली—”

मी विमान जमिनीवर ठेवलं आणि उभी राहिले.

“घाबरले न्हाई मी. हे इंजिन मी बांधलंय. दादानं त्यातले वॉशर काढलेत, ते बसवल्याबिगर उडणार न्हाई. लेकरं रेघेपासून मागं घ्या. अन् दादा, हँडल खाली ठेव, उडवणार मी हाय.”