नानांच्या मागून चालताना

दरवर्षी थंडीत एकदा मी धुळ्याहून जळगावला यायचो आणि आम्ही दोघं भाऊ सातपुड्यात, पालच्या अभयारण्यात दिवसभर भटकायला जायचो. नाना माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. ते पुढे, मी मागे. इतक्या वर्षांत मी कधी वाटेकडे लक्षच दिलं नाही. समोर त्यांची पाठ दिसली की मला पुरे व्हायचं.

गेल्या जानेवारीत गेलो तेव्हा नाक्यावरचा वनरक्षक म्हणाला, "सोबत वाटाड्या न्या, काका."

नाना हसले. "अरे, तुझे वाटाडे माझ्या वर्गात होते."

डोंगराच्या एका टोकावरून खाली तापीचं खोरं आणि केळीच्या बागा दिसतात. तिथं बसून आम्ही डबा खायचो. चढण दीड तासाची. सागाची वाळलेली पानं पायाखाली इतकी वाजत होती की बोलायचं तर थांबावं लागे. तासाभरानं वाट एका कोरड्या नाल्यात उतरली. हा नाला मला आठवेना. पण मला तसंही काय आठवत होतं?

"इथून अर्धा तास," नाना म्हणाले.

नाल्याच्या काठावर एक मोठं वारूळ उकरलेलं होतं. माती ओली होती, नखांचे ओरखडे स्पष्ट दिसत होते.

"अस्वल," नाना म्हणाले. "रात्रीचं असणार."

पुढं शेळ्या चारणारी एक बाई भेटली. आम्हाला बघून तिनं हातातली काठी आडवी धरली. "तठे कोठे चालनात? तठे वाट नही शे. बठ्ठं रानच शे."

"मला माहीत आहे," नाना म्हणाले आणि तिच्या बाजूनं निघून गेले. ती आमच्याकडे बघत उभी राहिली.

त्यानंतर चढ लागलाच नाही. झाडी दाट होत गेली. वर कुठंतरी एक वानर खोकल्यासारखं ओरडलं, मग दुसरं. आमच्या उजवीकडे पानं वाजू लागली. आम्ही थांबलो की तो आवाजही थांबायचा. मी नानांना सांगितलं, पण त्यांनी मान वळवली नाही. थोड्या वेळानं आम्ही पुन्हा एका नाल्यात उतरलो.

"इथून अर्धा तास."

तेच शब्द, तोच सूर. मला वाटलं, गंमत करताहेत. मग काठावरचं वारूळ दिसलं. उकरलेल्या मातीत माझ्याच बुटाचा ठसा होता.

"नाना, हे आपण मघाशी पाहिलं."

"काय पाहिलं?" ते वाकले, ओरखड्यांवरून बोट फिरवलं. "अस्वल. रात्रीचं असणार."

त्या क्षणी मला अस्वलाची भीती वाटली नाही. भीती वाटली ती त्यांच्या चेहऱ्याची. तो अगदी शांत होता.

ऊन कलायला लागलं होतं. मोबाईलला रेंज नव्हती. मी म्हणालो, "आता मी पुढे होतो."

"तू मला वाट दाखवणार?" ते इतक्या जोरात ओरडले की झाडावरची वानरं उड्या मारत पांगली. आयुष्यात ते माझ्यावर कधी असे ओरडले नव्हते. मग नाल्यातल्या एका दगडावर ते बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. उजवीकडची पानं पुन्हा वाजली, या वेळी जवळून.

"मला हे सगळं नवीनच दिसतंय रे," ते हळूच म्हणाले.

मी त्यांना हात धरून उठवलं. लांबून शेळ्यांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आल्यासारखा वाटला. मी हाका मारत सुटलो. घसा बसेपर्यंत ओरडलो तेव्हा कुठं वरून उलट हाक आली. तीच बाई होती. तिनं काही विचारलं नाही. पुढं शेळ्या, मागं आम्ही, असे नाक्याच्या रस्त्याला लागलो. निघताना ती मला बाजूला घेऊन, नानांकडे बघत म्हणाली, "दादा, यास्ले एकलं सोडू नका."

गाडी मी चालवली. सावद्यापर्यंत नाना झोपले होते.

घरी पोचल्यावर वहिनींनी पिठलं-भाकरी वाढली. नाना जेवता जेवता बोलत होते. टोकावर वारा किती होता, तापी कशी चकाकत होती, डब्यातली चटणी कशी संपली. मी भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत राहिलो. डबा तर गाडीत तसाच होता.

ते झोपायला गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. कसं सांगावं ते कळत नव्हतं.

वहिनीच म्हणाल्या, "वाट चुकले ना?"

मी गाडीतून आणलेला भरलेला डबा त्यांच्यापुढे ठेवला.

"दिवाळीनंतर दूध आणायला म्हणून निघाले, ते दुपारी नशिराबादला सापडले. हायवेच्या कडेनं चालत होते. आमच्या ओळखीच्या रिक्षावाल्यानं आणून सोडलं."

"वहिनी, मला सांगायचं ना! मी त्यांना जंगलात नेलंच नसतं."

"म्हणूनच नाही सांगितलं, भाऊ," त्या म्हणाल्या. त्यांनी भांड्यांवरून हात काढला नाही. "सगळं विसरतात. पण तुम्ही कधी येणार, हे रोज विचारतात."