रेझिनची टाकी

कारखाना चालू होता तवा किस्से सांगायला फुरसत नसायची. बंद पडल्यापासून किश्शांचं पीक लई जोरात हाय! दुसरं काय पिकतंय इथं?

गेवराईकडच्या एका सहकारी साखर कारखान्यात मी बॉयलरच्या पाण्याच्या प्लांटवर होतो. बोअरचं जड पाणी रेझिनच्या टाकीतून सोडायचं. रेझिन म्हणजे मोहरीएवढे पिवळे दाणे. ते पाण्यातला क्षार धरतात, बॉयलरच्या नळ्या वाचतात. एका नव्या संचालकानं मूठभर हातात घेऊन विचारलं, "एकरी किती लागतं हे?"

आमचे फोरमन भानुदासमामा म्हणले, "साहेब, उगवत न्हाई हे!"

*

उसाच्या रसातला गाळ खाली बसवायची एक पावडर असती. पाणी लागलं की शेंबडासारखी होती. एकदा जिन्यावर तिचं पोतं फुटलं. चेअरमन येणार म्हणून आमच्या हाताखालच्या दत्त्यानं झाडायचं सोडून जिना पाइपानं धुतला! चेअरमन वरून थेट खालच्या पायरीवर. बसल्या बसल्या म्हणले, "इलेक्शनला बी एवढं आपटलो न्हवतो!"

*

दुष्काळात बोअरच्या पाण्यात डाळ शिजंना. बाया घागरी घेऊन प्लांटवर यायच्या, मामा टाकीतलं मऊ पाणी द्यायचे. पुढं एक म्हातारी यायची बंद झाली. मामांनी विचारलं, तर म्हणली, "पाणी ग्वाड हाय बाबा, पर डाळच सरली."

*

मग ऊस चारा छावणीत जनावरांनी खाल्ला आन कारखाना थांबला. पगार बंद. मामांचं येणं काय बंद न्हाई! रेझिन वाळलं की दाणे तडकतात, वाया जातात. त्यात टाकीचा वॉल्व गळका. मामा रोज घरून घागर आणून वरून ओतायचे.

"ऊस येईल, बॉयलर पेटंल. तवा रेझिन नगं का?"

एक दिवस मामी मागोमाग आल्या. "घरात प्यायला थेंब न्हाई, आन तुमी ह्या मण्यांना पाजताय?" मामांच्या हातातली घागर त्यांनी हिसकावली. टाकीत वाकून बघितलं. मग म्हणल्या, "अर्धीच ओता. अर्धी मी घरी नेते."

मला तिथं उभं राहवंना.

*

शेवटी कारखाना भंगारात निघाला. भंगारवाल्यानं काट्यावर घालायच्या आधी टाकीचं झाकण काढलं, तर आत पाणी! अख्ख्या कारखान्यात तेवढंच. तो मामांवर खेकसला, "वजन वाढवायला भरलं का बे पाणी?"

मामांनी आत हात घातला. दाणे बोटांनी चोळून बघितले. ओले होते.

"व्हय," म्हणले. "तेवढं वजा करा."