दोन्ही डिस्कचं नाव श्री

“पहिली डिस्क फॉरमॅट झाली, काका,” मी म्हटलं आणि नेक्स्ट दाबायला माउस पुढे नेला. काम करताना प्रत्येक पायरी मोठ्याने सांगायची मला सवय आहे.

“पहिली?” मल्लेशमकाका शेजारी स्टुलावर चहा पीत बसले होते. “पहिली म्हंजे जुनी की वो मॅडम. नवी मागनं बसवली.”

“आणि विंडोज कुठल्या डिस्कवर होतं?”

“नवीवर. जुनीवर नक्ष्या हाईत.”

मी माउस सोडला, खाली वाकले आणि कॉम्प्युटरची पिन भिंतीतून ओढून काढली.

सोलापुरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम मी बावीस वर्षं करते आहे. अशा चुकीचा चटका इतक्या वर्षांत मोजून दोनदा बसला. त्यातला हा दुसरा.

काका चादरी आणि टॉवेलांच्या नक्ष्या काढतात. पूर्वी कागदावर चौकडी आखून काढायचे, आता कॉम्प्युटरवर. एक चौकोन म्हणजे एक धागा. त्या फाइलवरून माग नक्षी विणतो. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला गुरुवारी सँपलची फाइल हवी होती. माग ताणा, म्हणजे उभे धागे, भरून तयार होता. आज मंगळवार होता. कॉम्प्युटर इतका हळू झाला होता की फाइल उघडेना, म्हणून मला बोलावलं होतं.

मी नेहमीचा प्रश्न विचारला होता, “डेटा कुठं आहे?” त्यांनी नेहमीचं उत्तर दिलं होतं, “समदं डी ला हाय.” आपल्याकडे हे घरोघरी पाठ असतं. सी वर विंडोज, डी वर आपलं सामान. सी पुसायचा, डी ला हात लावायचा नाही.

पण नवं विंडोज टाकायला घेतलं की त्या पडद्यावर सी-डी दिसत नाही. ड्राइव्ह झिरो, ड्राइव्ह वन एवढंच दिसतं. पुढे आकार, मोकळी जागा आणि नाव. काकांच्या दोन्ही डिस्क एकाच आकाराच्या. दोन्ही भरत आलेल्या. जुनीवर एके काळी विंडोज होतं, त्यामुळे दोघींची मांडणीही सारखीच. आणि दोघींचं नाव श्री. दसऱ्याला घरातल्या यंत्रांची पूजा होते, तेव्हा काकांनी नव्या डिस्कला नाव दिलं. जुनीला वाईट वाटू नये म्हणून तेच नाव तिलाही दिलं.

अशा वेळी कॅबिनेट उघडून डेटाच्या डिस्कची केबल काढून ठेवायची असते. दोन मिनिटांचं काम. त्या दिवशीचं ते माझं चौथं घर होतं. तीन मजले चढून गुडघा बोलत होता. कॅबिनेटचे स्क्रू गंजलेले, वर सुताची पिंज चिकटलेली. पहिली ती विंडोजचीच असणार असं मी धरून चालले.

काकू आतून आल्या. “एमैंदी?” त्यांनी काकांना तेलुगूत विचारलं, काय झालं म्हणून. काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

“माझी चूक झाली,” मी म्हटलं. “नक्ष्यांची डिस्क पुसली गेली.”

काका पडद्याकडे वळले. तो काळा होता. “मागावर चुकलं तर कापडात दिसतं,” ते म्हणाले. “तुमचं चुकलेलं दिसत बी न्हाय.”

मी त्यांना समजेल असं सांगितलं. साधं फॉरमॅट म्हणजे वहीची अनुक्रमणिका फाडणं. पानं बहुतेक तशीच असतात. त्यांच्यावर नवं काही लिहिलं की मगच ती जातात. मी नेक्स्ट दाबलं असतं तर विंडोज त्या पानांवर लिहिलं गेलं असतं.

“म्हंजे मी बोललो म्हणून वाचलं?”

“हो.”

“बरं झालं, चहा गरम होता. गार असता तर पिऊन आत गेलो असतो.”

गंजलेले स्क्रू काढून ती डिस्क मी दुकानात आणली. आधी तिची हुबेहूब नक्कल काढली आणि मूळ डिस्क बाजूला ठेवली. मग नकलेवर फाइली शोधणारं सॉफ्टवेअर लावलं. बुधवारी दुपारी हजारावर फाइली सापडल्या, पण नावं गेली होती. नुसते आकडे. मी काकांना बोलावलं.

ते खुर्चीत बसले, मी एकेक चित्र उघडत गेले.

“हा आठ पाकळीचा. हा मोर, जुना.”

“हाही मोरच आहे. दोनदा आलाय का?”

“न्हाय वो. ह्याची मान दोन धाग्यांनी बारीक हाय. बघा की.”

मी बघितलं. मला दिसलं नाही. ते सांगतील ते नाव मी टाकत गेले.

सँपलची फाइल पाच वाजता सापडली. वरचा तिसरा हिस्सा काळा. फॉरमॅटने नेमका तेवढा तुकडा खाल्ला होता. काका पुढे वाकले.

“खालचं शाबूत हाय न्हवं?”

“खालचं आहे.”

“मग झालं की. टॉवेलची नक्षी हाय ही. मधनं घडी घातली तर खालचं वर बसतं. उलटवून लावतो.”

त्यांनी माझ्याच कॉम्प्युटरवर खालचा अर्धा भाग उलटवून वर बसवला. जोडावरचे धागे मोजले, एक धागा कमी केला. अर्धा तास लागला. गुरुवारी फाइल कारखान्यात पोचली. पाच नक्ष्या मात्र आल्याच नाहीत. त्या काकांनी पुन्हा काढल्या, आठ दिवस बसून.

शुक्रवारी मी तीन मजले परत चढले. नक्ष्या परत भरलेली जुनी डिस्क कॅबिनेटमध्ये बसवली, पण तिची केबल लावली नाही, आणि एकटी जोडलेली डिस्क पुसून विंडोज टाकलं. मग केबल लावल्यावर एकीला विंडोज नाव दिलं, दुसरीला नक्षी.

“आन श्री?” काकांनी विचारलं.

“कॅबिनेटवर कुंकवानं लिहा. तिथलं मी पुसत नाही.”

आता मी गिऱ्हाइकाला डेटा कुठं आहे असं विचारत नाही. उघडून दाखवा म्हणते. मग स्क्रू ड्रायव्हर काढते. गुडघा दुखत असला तर आधी बसते, पण केबल काढते.