तिसऱ्या प्रतीवर उठलेली ओळ
कार्बन पेपरचा वास आला की सिरसाळ्याकडची आमची पत्र्याची विनाअनुदानित शाळा आठवते. संस्थेच्या अध्यक्षांचे मेहुणे मुख्याध्यापक होणार होते, पण त्यांचं बी.एड. नव्हतं, म्हणून ती अट शिथिल करावी, असा अर्ज सरकारकडे पाठवायचा होता. "बाई, तुमचं अक्षर लई चांगलं हाय, तुमीच लिहा," मेहुणे म्हणाले. उन्हानं पत्रा तडतडत होता, ते सांगत होते, मी लिहीत होते. "शाळेत बी.एड. झालेलं कुणीच न्हाई, असं लिहा," ते म्हणाले आणि माझा पेन थांबला. माझं बी.एड. झालेलं होतं, त्यांना ते ठाऊक होतं. "कावून थांबल्या? दाबून लिहा, तिसऱ्या प्रतीवर उठलं पाहिजे." मी दाबून लिहिलं. सूट मिळाली, पेढे वाटले, मीही एक खाल्ला. आता वाटतं, निदान तेवढी एक ओळ तरी त्यांच्या हातची असायला हवी होती.