ज्येष्ठमधाचा फेस

जपानी काढ्यावर संशोधन करते असं व्हँकुव्हरमधल्या ज्या ज्या मराठी माणसाला सांगितलं, त्यानं मला एकच प्रश्न विचारला. माझ्या घरमालक काकांनी तर बेसमेंटची किल्ली हातात देतानाच विचारला. काका निवृत्त डॉक्टर, उभा जन्म कॅनडात गेलेला, पण आपला आयुर्वेद सोडून हिला जपान्यांचा काढा कुठे सापडला, हे त्यांना काही केल्या कळेना. सुरुवातीला मी नीट समजावून सांगायची, की जपानमध्ये याला कांपो म्हणतात, तिथले डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात, आमच्या प्रोफेसरबाई तिथे राहून शिकून आल्यात. पुढे पुढे नुसती हसायची. दिवसभर लॅबमध्ये उभं राहून आल्यावर समजावण्याचाही कंटाळा येतो हो.

पीएचडी नुकतीच झालेली, पहिलीच नोकरी, तीही एका वर्षाची. नवरा पार तिकडे पूर्वेला, विंडसरला, गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. तिथे माझ्या कामाची लॅब नव्हती आणि इथे त्याच्या कामाचा कारखाना नव्हता. मग आमचं ठरलं, की माझा प्रयोग जमला आणि वर्ष वाढवून मिळालं तर मी राहायचं, नाही जमला तर गाशा गुंडाळून विंडसर. ‘ये’ असं तो कधी म्हणाला नाही. म्हणाला असता तर मी भांडले असते.

प्रयोग तसा साधा. ज्येष्ठमध आणि पिओनी नावाच्या फुलझाडाची मुळं, दोन्हींचा एकत्र काढा. पोटात मुरडा आला, पायात गोळे आले की जपानात हा देतात. आम्ही उंदराच्या आतड्याची पट्टी कोमट खारट पाण्यात टांगायचो, ती आकसली की काढ्याचे थेंब सोडायचो आणि स्क्रीनवरची रेघ खाली येते का, म्हणजे पट्टी सैल पडते का, ते बघत बसायचो. पहिल्या काढ्याला रेघ अशी झकास खाली आली की प्रोफेसरबाईंनी सगळ्यांना डोनट आणले. आता वर्षभर पुरेल असा मोठा काढा कर, म्हणाल्या. त्यानंही तेच झालं की तुझं वर्ष वाढवून घेते.

मोठा काढा केला आणि तिथेच घोडं अडलं. रेघ ढिम्म. पुन्हा केला, पुन्हा ढिम्म. पाणी बदललं, मीठ बदललं, मुळांची नवी पिशवी फोडली. कुठे माशी शिंकली तेच कळेना. बाहेर रोजचा तो रिपरिप पाऊस, आणि माझ्या जॅकेटला ज्येष्ठमधाचा वास इतका बसलेला की बसमध्ये शेजारचा सरकून बसायचा. सकाळी उठणं जिवावर यायला लागलं. बाई रागावल्या असत्या तर परवडलं असतं. त्या नुसतं ‘हं’ म्हणायच्या आणि आपल्या खोलीत जायच्या.

अशाच एका रविवारी नवऱ्याचा व्हिडिओ कॉल आला. त्याच्या कुकरची रिंग गेली होती, म्हणून स्वारी पातेल्यात तुरीची डाळ शिजवत होती. फोन ओट्यावर टेकवलेला, मला डाळ अर्धी आणि तो अर्धा दिसत होता. डाळीला उकळी आली, पांढरा फेस काठापर्यंत चढला. मी सवयीनं ओरडले, “अरे, फेस काढ आधी! उतू जाईल.”

आणि ओरडता ओरडताच मला लॅबमधलं माझं पातेलं आठवलं. पहिला काढा मी काचेच्या बंद चंबूत केला होता, फेस वर जाऊन पुन्हा आतच पडत होता. मोठ्यासाठी उघडं पातेलं घेतलं. ज्येष्ठमध फसफसून वर यायला लागला, आणि माझ्या हातानं मला न विचारता चमचा घेतला, फेस काढला आणि सिंकमध्ये टाकला. दर वेळी. आईनं शिकवलेलं, वरण नितळ व्हायला हवं ना! ज्येष्ठमधातलं जे द्रव्य फेस करतं त्यातच औषधाचा बराचसा गुण असतो, हे माझ्या थीसिसमध्ये मीच लिहिलं होतं. कप्पाळ माझं.

काय झालं, त्यानं विचारलं. काही नाही, म्हटलं.

खोटं कशाला बोलू, तेव्हा पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? बाई ‘हं’ म्हणाल्या असत्या, वर्ष संपलं असतं, मी विंडसरला गेले असते आणि कुणी कुणाला सोडलं असं झालं नसतं. मी इतकी थकले होते की मला ते हवं होतं. पण सोमवारी बसमध्ये बसल्यावर राग यायला लागला. माझ्या चमच्याचं खापर त्या बिचाऱ्या मुळांवर कशाला? लॅबमध्ये गेले, सगळ्यात मोठा चंबू घेतला आणि फेसाला हात न लावता काढा केला. रेघ सरळ खाली आली. बाईंना फेसाचं सांगितलं तेव्हा त्या खूप हसल्या, आणि शुक्रवारपर्यंत त्यांनी माझं वर्ष वाढवून घेतलं.

शुक्रवारी संध्याकाळी मीच त्याला फोन केला. वाक्य जुळवून ठेवलं होतं. पण फोन उचलताच तो म्हणाला, थांब, आधी हे बघ. त्यानं नवा कुकर उचलून दाखवला. चांगला मोठा, खाली डाळ, वर भात, दोघांचं एकदम होईल असा. आता फेसाची भानगडच नाही, म्हणाला. आणि झाकण लावून, काढून, पुन्हा लावून दाखवलं.

“अरे, प्रयोग जमला,” मी म्हटलं.

त्यानं झाकण ओट्यावर ठेवलं.

“चांगलं झालं की,” तो म्हणाला. मग कुकरकडे बघत म्हणाला, “पावती आहे अजून. परत करता येईल.”