ओली घडी घालायची नाही

"आत्या, आप्पा गेलं..." एवढंच बोलून पुतण्यानं फोन ठेवला. आप्पा म्हणजे माझा थोरला भाऊ, कोल्हापुरात ताडपत्रीचं दुकान चालवणारा. बाहेर पाऊस कोसळत होता आणि मला वेड्यासारखं वाटलं, ऐन धंद्याच्या दिवसांत त्याला मरायला सवड कशी मिळाली?

गिऱ्हाइकानं भाव विचारला की आप्पा उलट विचारायचा, "पावणं, झाकायचं काय हाय ते सांगा आदी." गगनबावड्याच्या छपरासाठी जाड प्लास्टिकची द्यायचा, तिच्यातून थेंबाची आत यायची बिशाद नसे. शिरोळकडं पुरात ट्रॅक्टरवरनं संसार हलवणाऱ्यांना हलकी निळी, चटकन बांधायला. पण गुळाच्या गाडीसाठी कुणी प्लास्टिक मागितलं की बिनसलंच. "तिच्याखाली घाम सुटतोय, गूळ पाघळंल. कापडी न्या, ती श्वास घेतीया." ऐकलं नाही तर सरळ पाठ फिरवायचा. असला हेकट माणूस धंद्यात टिकला कसा, देव जाणे. कापडी ताडपत्रीचे लाड तर विचारू नका. ओली घडी घातली की ती कुजते, म्हणून पुरती वाळेपर्यंत कुणाला हात लावू द्यायचा नाही. आणि वाळत घालायचा कुठं, तर घरच्या सोप्यात, ऐन जाण्यायेण्याच्या वाटेवर. आमच्या वैनींची त्यावरून रोज कटकट चाले.

न्यायची वेळ झाली तरी पाऊस थांबेना. टेम्पो उघडा. पोरांनी तिरडीवर निळी प्लास्टिकची पांघरली. तोवर दगडासारख्या बसलेल्या वैनी ताडकन उठल्या. "काढा आदी ती! त्यास्नी घाम येतोय तिच्याखाली..." पोरांनी निळी ओढून काढली. दुकानातली कापडी आणली. तिच्याखाली माझा भाऊ गेला, आणि मग मात्र मला रडू आवरेना.

महिन्याभरानं परवा गेले, तर ती ताडपत्री अजून सोप्यात दोरीवर होती. पाऊस कधीच उघडला होता. जाता-येता सगळे तिच्याखालून वाकून जात होते. पुतण्यानं विचारलं, "आई, घडी घालू काय हिची?" वैनींनी कोपरा बोटांत धरून बघितला. "ऱ्हाऊ दे. दमट हाय अजून."

मीही हात लावला. खडखडीत वाळली होती. वैनी माझ्याकडंच बघत होत्या...

"व्हय की," मी म्हणाले, "दमटच हाय."