भात्यावरचा हात

त्या उन्हाळ्यातल्या दुपारी मला नीट सलग आठवत नाहीत. पाण्याखालून पाहावं तशा त्या आठवतात. सदर भागातल्या आमच्या गल्लीत अकरा वाजले की दारं लागायची, पडदे ओढले जायचे आणि सगळ्या घरांचे कूलर एका सुरात घरघरायला लागायचे. वाळ्याचा ओला वास खोलीभर पसरायचा. त्या आवाजात ताई पेटीवर येत्या रविवारची गीतं बसवत असायची. मी फरशीवर पालथी पडून ऐकायची आणि ऐकता ऐकता झोपून जायची.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. आईबाबा गेल्यानंतर घरात आम्ही दोघीच होतो. मी शाळेत शिकवायची, ती घरी शिवणकाम करायची आणि चर्चमध्ये पेटी वाजवायची. पेटी तिला बाबांनी शिकवली होती. उपासनेत ती कधी पुढे होऊन बोलली नाही, पण तिची बोटं पट्ट्यांवर पडली की मंडळी आपोआप उभी राहायची.

शेजारच्या घरात काटोलहून आलेलं कुटुंब राहायचं. भाऊंचा संत्र्यांचा व्यापार होता, त्यामुळे ते निम्मे दिवस गावीच असत. वहिनी एकटी असायची. संत्री आली की ती टोपलीभर आमच्याकडे आणून ठेवायची. नाताळला ताई तिच्याकडे करंज्या पाठवायची. एवढंच येणंजाणं.

मे महिना होता. दुपारी शेजारून बादली पडल्याचा आवाज आला आणि मग काहीच आवाज आला नाही. ताई उठली, तिच्यामागे मी. वहिनी मागच्या अंगणात अनवाणी उभी होती. पाइपातलं पाणी पायांवरून वाहत होतं आणि हात कूलरच्या पत्र्याला चिकटलेले होते. तोंड उघडं, पण आवाज फुटत नव्हता. मी बटण शोधायला आत धावले. ताईने वाट पाहिली नाही. तिने वहिनीला कमरेला धरून मागे खेचलं. वहिनी सुटून पडली, पण तोल जाऊन ताईचा उजवा हात कूलरच्या मागच्या उघड्या तारेवर गेला आणि तिथेच राहिला. मी बटण बंद केलं तेव्हा ती खाली बसली. हाताकडे पाहत म्हणाली, "वहिनीला बघ आधी."

वहिनी दोन दिवसांत घरी आली. ताई धंतोलीच्या हॉस्पिटलमध्ये कितीतरी दिवस होती. विजेने आतून जाळलेलं वरून दिसत नाही, असं डॉक्टर म्हणाले. दोन शस्त्रक्रिया झाल्या. हात वाचला, पण तीन बोटं तळव्याकडे वळली ती वळलीच.

चर्चचे पाळकसाहेब भेटायला आले. भले गृहस्थ. त्यांनी प्रार्थना केली आणि म्हणाले, "ताई, देवाने तुमच्या हाताचं अर्पण स्वीकारलं. यात त्याची योजना आहे."

ताई खिडकीकडे पाहत होती. ती म्हणाली, "मी हात अर्पण नव्हता केला, साहेब. मी वहिनीला ओढलं. हात तारेने जाळला."

 पाळकसाहेबांनी मान हलवली आणि संत्र्याचा रस पेल्यात ओतून तिच्या डाव्या हातात दिला.

घरी आल्यावर तिने पेटीवर चादर टाकली. ती रडली नाही, चिडली नाही. दिवसभर झोपायची. मी शाळेतून आले की तिच्या शेजारी आडवी व्हायची आणि दोघी छताकडे पाहत पडून राहायचो. त्या दिवसांत चर्चमध्ये येशूच्या दुःखसहनाबद्दल काही वाचलं गेलं की मला ते कानांपर्यंत पोचल्यासारखं वाटायचं नाही. त्याने काही गुन्हा केला नव्हता, हे मी लहानपणापासून ऐकत होते. पण गुन्हा नसताना दुखतं म्हणजे काय, ते आता घरात रोज दिसत होतं आणि त्यात मला काहीही पवित्र दिसत नव्हतं.

वहिनी रोज डबा द्यायची, पण उंबऱ्यातूनच. आत यायची नाही. पुढच्या वर्षी मार्चमध्ये ऊन चढायला लागलं, गल्लीतले कूलर सुरू झाले, तेव्हा ताईच्या लक्षात आलं की शेजारून आवाज येत नाही. डबा घ्यायला ती स्वतः दारात गेली. वहिनीची मान, गळा, हात घामोळ्यांनी लाल झाले होते.

"वहिनी, कूलर बिघडला का तुमचा?"

"नाई. नवीन आणला यायनं. मीच लावू देत नाई."

"काहून?"

वहिनीने पदर तोंडाला लावला. "तुमचा हात गेला माह्यापायी. मी कायले थंड हवेत झोपू? मले शोभते का ते?"

ताई डबा तसाच ठेवून सरळ तिच्या घरात शिरली. मी मागे. भट्टीसारखं घर होतं. ताई तिला म्हणाली, "मी तुम्हाला गरमीत उकडून मरायला ओढलं होतं का? हात गेला ते वाईटच झालं. ते चांगलं होतं असं मला कोणी सांगू नका. पण तुम्ही जगल्या ते चांगलं आहे ना? मग जगा नीट. नाही तर माझा हात फुकट गेला."

आणि मग ती रडली. वर्षभरात पहिल्यांदा. वहिनीने तिला जवळ घेतलं आणि दोघी त्या तापलेल्या खोलीत कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. मला आजही ते दृश्य स्वप्नात पाहिल्यासारखं वाटतं.

त्यानंतर वहिनी आत यायला लागली. एका दुपारी तिनेच पेटीवरची चादर काढली. "डाव्या हातानं नाई वाजत का हे?"

"वाजेल. पण मग भाता कोण मारणार?"

"मी हाओ ना!"

सुरुवातीला ती इतक्या जोराने भाता मारायची की पेटी ओरडायची. ताई हसायची, "हळू वं वहिनी, पंप नाही मारून राहिल्या." मग वहिनी ताईच्या खांद्याकडे पाहायला शिकली. ताईचा श्वास वर गेला की ती भाता सोडायची, खाली आला की दाबायची. ताईची डावी बोटं चुकत, अडखळत सूर शोधायची. मी फरशीवर पडून ऐकायची आणि मला पुन्हा झोप यायला लागली.

त्या वर्षी उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, वहिनी आमच्यासोबत चर्चमध्ये आली. डोक्यावर पदर, कपाळावर कुंकू. पाळकसाहेबांनी पेटीशेजारी तिच्यासाठी खुर्ची ठेवली होती. तीन तासांची उपासना, पंख्यांची गरम हवा, काचांमधून आलेलं पिवळं ऊन. येशूच्या वधस्तंभावरच्या एकेका उद्गारानंतर गीत व्हायचं. वहिनीचा हात एकदाही थांबला नाही. वधस्तंभाचा वृत्तान्त तिने त्यापूर्वी कधी ऐकलाच नव्हता. मध्येच ताईकडे वाकून तिने विचारलं, "याचा गुन्हा काय होता?"

"काही नाही," ताई म्हणाली.

उपासना संपली. बाहेर रस्ता उन्हाने पांढरा झाला होता. आम्ही कडुनिंबाच्या सावलीत उभ्या राहिलो. वहिनीने पदराने कपाळ पुसलं. मग म्हणाली, "ताई, त्याची माय तिथंच उभी होती म्हणतात. इतक्या उन्हात. तिले कोणी घोटभर पाणी देलं असन का वं?"

ताईने विचार केला. "पुस्तकात नाही लिहिलेलं. पण आजूबाजूला बाया होत्या."

"बाया होत्या? मंग देलं असन," वहिनी म्हणाली आणि समोरून येणाऱ्या ऑटोला तिने हात केला.